पंगतीतून कोण उठलं ते आधी बघ

वाचकाचं पत्र

ताई, जय ख्रिस्त. मी २५ वर्षांची, मूळची नगरची, नोकरीमुळे पुण्यात. आमच्या तरुण संघात दर गुरुवारी बायबल स्टडी असतो, सध्या बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र चालू आहे आणि दुसरा अध्याय माझ्याकडे आला होता. मी मनापासून तयारी केली, यूट्यूबवर संदेश ऐकले आणि मांडलं की कृपा आली, नियम संपले. त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे गणपतीला गेले, तिच्या आईने मोदक दिला, मी खाल्ला. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, आपल्यात प्रसाद खात नाहीत. मी रागात म्हणाले, आजी तू त्या बुद्धिहीन गलतीकरांसारखीच आहेस. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. पुढच्या गुरुवारी पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला आणि म्हणाले की क्रिया नसतील तर विश्वास मेलेला आहे. आता मला कळत नाही की पौल खरा की याकोब. ही पत्रं नीट अभ्यासायची कशी, ग्रीक शिकावं लागेल का, आणि खरं सांगू का, जास्त खोलात गेले तर विश्वास डळमळेल अशी भीती पण वाटते.

उत्तर

जय ख्रिस्त गं. तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी आजीचं सांगते, बाकी अभ्यास आठवडाभर थांबला तरी चालेल पण हे थांबवू नकोस. आज जेवायच्या आधी तिच्याजवळ जाऊन बस आणि त्या शब्दाची माफी माग. मोदकाची नाही, त्याचं पुढे बघू, फक्त शब्दाची. 'बुद्धिहीन' हा शब्द पौलाने वापरलाय हे खरं, तिसरा अध्याय त्यानेच सुरू होतो, पण कोणाला आणि कधी ते बघ ना. चौथ्या अध्यायात तो त्याच लोकांना आठवण करून देतो की मी आजारी होतो म्हणून तुमच्याकडे थांबलो, माझ्या दुखण्याचा तुम्ही तिटकारा केला नाहीत, जमलं असतं तर स्वतःचे डोळे काढून मला दिले असते. तिथेच पुढे त्यांना 'माझ्या मुलांनो' म्हणतो, तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतीच्या कळा येताहेत म्हणतो. एवढं नातं असलेल्या माणसाच्या तोंडचा तो शब्द आहे, आणि तू तो उचलून ८० च्या आसपासच्या बाईला मारलास, जिने बहुतेक तुला पहिली प्रार्थना शिकवली असेल. आणि चुकीच्या माणसाला मारलास हे तर वेगळंच, का ते खाली सांगते.

आता अभ्यासाचं. तुझी तयारी कमी पडली असं मला वाटत नाही, तू वचनं वाचलीस पण पत्र वाचलं नाहीस एवढंच झालंय. आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती, माझी आजी गेल्यावर ती उघडली तेव्हा त्यात सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं निघाली, सगळी मुंबईहून आलेली, तिच्या भावाची. आजीने त्याला काय लिहिलं होतं ते अर्थातच आमच्याकडे नाही, ते गेलं मुंबईला. एका कार्डात भाऊ लिहितो, "तू विहिरीचं म्हणतेस ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि तो माणूस परत आला तर त्याला दारात उभा करू नकोस." आम्ही चार नातवंडं तासभर बसलो होतो की कुठली विहीर, कोण माणूस. मग मोठ्या काकूला विचारलं, तिने भाऊबंदकीचं सगळं सांगितलं, तेव्हा त्या दोन ओळी एकदम जिवंत झाल्या. गलतीकरांस पत्र म्हणजे असंच कार्ड आहे. तिकडून काय बातमी आली होती, ते दारात आलेले लोक नक्की काय शिकवत होते, हे पौलाच्या उत्तरावरूनच ओळखायचं. आणि ते न ओळखता कार्डातली एक ओळ कापून आपल्या घराच्या भिंतीवर चिकटवली की तुझ्या घरी झालं तसं होतं.

म्हणून पहिलं काम हे कर. सहा अध्याय आहेत, १४९ वचनं, मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरे. एका बैठकीत, मोठ्याने, मधे न थांबता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तेव्हाही ही पत्रं अशीच पोचली, कोणीतरी मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर, उभं राहून वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे, ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही. वाचताना तुला दोन गोष्टी कानाला जाणवतील. एक म्हणजे इतर पत्रांत पौल नमस्कार झाला की देवाचे आभार मानतो, तुमच्या विश्वासाबद्दल ऐकलं वगैरे, इथे आभार नाहीतच, नमस्कार संपतो आणि तो थेट म्हणतो की मला आश्चर्य वाटतंय तुमचं. आणि शेवटी सहाव्या अध्यायात म्हणतो, बघा मी स्वतःच्या हाताने केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. म्हणजे तोवर तो सांगत होता आणि दुसरं कोणी लिहीत होतं, आणि शेवटी त्याने लेखणी आपल्याकडे घेतली. माझ्या आजीच्या भावाची कार्डं पण पोस्टातला कारकून लिहून द्यायचा आणि शेवटची ओळ त्याची स्वतःची, वाकडीतिकडी, शाई पसरलेली, ती ओळ आली की आजीचा आवाज बदलायचा असं काकू सांगते.

मग विचारायचं की एवढा चिडला का. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या भागातला रोमी प्रांत. तिथले लोक यहुदी नव्हते, मूर्तिपूजा सोडून ख्रिस्ताकडे आले होते. पौल पुढच्या गावी गेला आणि मागून दुसरे शिक्षक आले, तेही ख्रिस्तावर विश्वास ठेवणारेच हं, आणि म्हणाले की पौलाने तुम्हाला अर्धंच सांगितलं, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याच्या कुटुंबात यायचं तर अब्राहामाची खूण पाहिजे, म्हणजे सुंता पाहिजे, सण पाळले पाहिजेत. साधारण इ. स. ५० च्या आसपासची गोष्ट, ४८ ते ५५ च्या मधलं कुठलंतरी वर्ष धरतात. म्हणजे येशूच्या मरणाला जेमतेम २०-२५ वर्षं झालेली, येशूचं चरित्र सांगणारी आपल्या हातातली चारही शुभवर्तमानं अजून लिहिली जायची होती. हा काळ आपण उगाच धरत नाही, ग्रीसमधल्या डेल्फीला एक शिलालेख सापडलाय त्यात गल्लियो नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १८ व्या अध्यायात ज्याच्यासमोर पौलाला करिंथ शहरात उभं केलं तोच, आणि त्यावरून पौल करिंथात इ. स. ५१ च्या सुमारास होता हे बऱ्यापैकी पक्कं ठरतं.

आता तुझा दुसरा अध्याय, त्यातली ११ ते १४ वचनं परत काढ. तू १६ व्या वचनापासून मांडलंस ना, नीतिमान ठरणं, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं वगैरे? बहुतेक सगळे तसंच करतात आणि मी पण कित्येक वर्षं तसंच केलं. पण १६ वं वचन आकाशातून पडलेलं नाही, ते एका जेवणावरून निघालंय. अंत्युखिया, त्या काळातलं रोमी साम्राज्यातलं फार मोठं शहर. तिथल्या मंडळीत यहुदी आणि विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले, एकत्र जेवायचे, येशूचा शिष्य पेत्र पण त्यांच्यात बसायचा. मग यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून, काही माणसं आली. आणि पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बाकीचे यहुदी भाऊ उठले, आणि शेवटी बर्णबा पण उठला. बर्णबा! ज्याने यरुशलेमात पौलाला सगळ्यात आधी जवळ केलं तो. पौल सगळ्यांसमोर पेत्राला बोलला.

आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, पंगत. पंगतीतून उठणं म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. आपल्या नगरकडच्या मंडळ्यांत किती घरं अशी आहेत की ज्यांच्या पणजोबांना गावच्या पंगतीत कधी घेतलं नाही, शेवटी वेगळं बसवून वरून वाढलं. आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मीबाई टिळक आठव, नवरा ख्रिस्ती झाला, पुढे त्या परत त्याच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं एका दिवसात सुटलं नाही, मनाशी किती झगडावं लागलं. हे दोन्ही डोक्यात ठेवून ती चार वचनं वाच, विदेशी भावांना काय वाटलं असेल ते कळेल आणि पेत्राला काय वाटलं असेल तेही. पौलाचं म्हणणं एवढंच आहे की ख्रिस्ताने ज्याला आपल्या ताटाशी बसवलंय त्याला तू 'आधी आमच्यासारखा हो मग बसतो तुझ्याजवळ' असं म्हणू शकत नाहीस. कृपा आणि नियमशास्त्र हा वाद त्या जेवणात सुरू झालाय, आणि जो अभ्यास त्या पंगतीपाशी येऊन थांबत नाही तो लवकरच हवेत जातो असं मला वाटतं.

पण इथे एक खबरदारी घे, आणि हे मी माझ्या चुकीवरून सांगतेय. मी स्टडी घ्यायला लागले तेव्हा सरळ सांगायचे की यहुदी लोक पुण्य कमवून तारण मिळवायला बघत होते आणि पौलाने कृपा शोधून काढली. असं मी दहाबारा वर्षं तरी सांगितलं. मग एकदा एका मुलीने विचारलं, ताई, दहा आज्ञा सुरू कुठून होतात? मी म्हटलं, माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत. ती म्हणाली, नाही, त्याच्या आधी एक वाक्य आहे. निर्गम २० काढलं. 'मी तुझा देव, मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणलं.' आधी सोडवलं आणि मग आज्ञा दिल्या, म्हणजे कृपा तिथे पण आधीच होती. मी त्या दिवशी वहीत फक्त तेवढं वाक्य लिहिलं आणि स्टडी संपवला, पुढे बोलायला जमलंच नाही. नंतर कळलं की अभ्यासकांच्या जगात हेच १९७७ साली ई. पी. सँडर्स यांनी त्या काळचं यहुदी लिखाण तपासून ठामपणे मांडलं होतं आणि त्यानंतर पौलाबद्दलची सगळी चर्चाच बदलली, जेम्स डन यांनी म्हटलं की 'नियमशास्त्रातील कृत्ये' म्हणजे पौलाच्या डोळ्यासमोर मुख्यतः सुंता, खाणंपिणं, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, अशा ओळखीच्या खुणा आहेत. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद अजून चालू आहे, आणि रोमकरांस पत्र वाचताना तुलाही वाटेल की पौल त्याहून खोल काहीतरी बोलतोय, माणसाला स्वतःला सोडवता येत नाही असं. मला दोन्ही खरं वाटतं, पण दार पंगतीचंच आहे, आत शिरायचं तिथूनच.

आणि त्या खुणा क्षुल्लक होत्या असं तर अजिबात समजू नकोस. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अंतिओख राजाने यहुद्यांवर बंदी घातली, मुलाची सुंता केली तर मरण. मक्काबींच्या पुस्तकात लिहिलंय की आयांना त्यांच्या तान्ह्या मुलांसकट मारलं, आणि एलाजार नावाच्या म्हाताऱ्याने डुकराचं मांस खायला नकार दिला आणि जीव दिला. (आपल्या प्रॉटेस्टंट बायबलमधे ही पुस्तकं नसतात, वसईकडच्या कॅथलिक मैत्रिणीकडे मिळतील, जरूर वाच.) ज्या गोष्टीसाठी आजी-आजोबांनी जीव दिला ती गोष्ट 'आता लागत नाही' असं म्हणणं पेत्राला का जड गेलं ते यावरून कळतं. आणि मराठीत 'यहुदी, यहुदी' बोलताना हेही लक्षात ठेव की मराठी बोलणारे यहुदी आहेत, आपले बेने इस्राएल, कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव पडलं. सुंता आणि शब्बाथ त्यांनी शेकडो वर्षं कोकणातल्या खेड्यांत राहून जपला. तुमच्या गुरुवारच्या स्टडीत मागच्या बाकावर त्यांच्यातली एखादी आजी बसलीय असं समजून बोल, म्हणजे तोंडून वावगं काही जाणार नाही. पौल स्वतः मरेपर्यंत यहुदीच होता, रोमकरांस ७:१२ मधे तो म्हणतो की नियमशास्त्र पवित्र आहे, आणि ११ व्या अध्यायात विदेशी लोकांना बजावतो की तुम्ही कलम केलेली फांदी आहात, मुळाशी ताठा करू नका.

ग्रीकचं विचारलंस. शिकलीस तर उत्तमच, पण अडून बसू नकोस. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री (हिब्रू) आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, त्या १९२२ मधे गेल्या आणि ते पूर्ण छापून १९२४ ला निघालं, तुझ्या पुण्यापासून जवळच, केडगावला. तुला तेवढं करायची गरज नाही, तीन शब्दांची ओळख करून घे. 'नियमशास्त्र' म्हटलं की आपल्याला कोर्टाचं पुस्तक वाटतं, पण मागचा इब्री शब्द तोरा, म्हणजे शिकवण, आणि त्यात अब्राहामाच्या गोष्टी पण येतात. म्हणून तर पौल तोराच उघडून तोराबद्दल वाद घालतो. उत्पत्ती १५ वाच आणि मग १७ वाच. १५ मधे अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असं गणलं, सुंता येते १७ मधे. रोमकरांस ४ मधे पौल एवढंच विचारतो, आधी काय झालं?

'विश्वास' हा दुसरा. ग्रीकमधे पिस्तिस, आणि त्यात आपला विश्वास आणि विश्वासूपणा हे दोन्ही अर्थ बसतात. त्यामुळे २:१६ मधे आपण 'ख्रिस्तावरील विश्वास' वाचतो ते काही अभ्यासक 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा' असं वाचतात, म्हणजे माझ्या धरण्यापेक्षा त्याचं न सोडणं. व्याकरणाने दोन्ही चालतं. मी दोन्ही प्रकारे प्रार्थनेत म्हणून बघते आणि आजारपणात मला दुसऱ्याने जास्त धीर दिलाय. तिसरा 'कृपा', खारिस. हा काही देवळातला खास शब्द नव्हता, रोजच्या व्यवहारातला होता, देणगी, उपकार, मेहेरबानी. त्या काळी मोठे लोक देणग्या द्यायचे पण माणूस बघून द्यायचे, लायक असेल, परतफेड करेल, नाव काढेल असा. लग्नाच्या आहेरासारखं, वहीत लिहून ठेवायचं कोणी काय दिलं. पौल म्हणतो देवाने लायकी बघितलीच नाही. ऐकणाऱ्यांना त्यात गोडवा नाही, धक्का बसला असणार. पण हेही बघ की देणगी घेतली म्हणजे संबंध जोडला गेला, घेऊन मोकळं होता येत नाही. पाचव्या अध्यायात लगेच येतं की स्वातंत्र्य देहाला मोकळीक म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. तुझ्या मांडणीत 'नियम संपले' हे आलं आणि हे राहिलं, म्हणून पाळकसाहेबांनी याकोब काढला असणार.

याकोबाला घाबरू नकोस. दोघं उत्पत्तीतलं तेच वचन वापरतात, १५:६, आणि वरवर उलट बोलतात, हे खरंच आहे, लपवण्यासारखं नाही. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने तर १५२२ मधे या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं होतं. पण याकोबाच्या २:१५-१६ मधे 'क्रिया' म्हणजे काय आहे ते बघ. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजचं अन्न नाही, आणि कोणीतरी म्हणतं, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, आणि देत काहीच नाही. तिथे सुंतेचा विषयच नाही, भाकरीचा आहे. पौल विचारतो ताटाशी कोणाला बसू देणार, याकोब विचारतो ताटात काही वाढणार की नाही. गलतीकरांस ५:६ मधे पौल पण म्हणतोच की प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास. (आणि मराठीत आपण 'कर्म' म्हटलं की मागच्या जन्माचं गाठोडं डोक्यात येतं, दोघंही त्याबद्दल बोलत नाहीयेत, स्टडीत कोणी तिकडे वळलं तर हळूच परत आण.) मुख्यतः या मुद्द्यावरून युरोपात मंडळी दुभंगली, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या की नीतिमान ठरतो ते कृपेनेच, आपल्या पुण्याईने नाही. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एकमेकांवर टाकलेले शाप या बाबतीत उचलले गेले. पाळकसाहेबांना भेटून हे विचार, वाद म्हणून नाही, खरंच विचार.

आता मोदक. त्याचं उत्तर गलतीकरांस पत्रात नाहीच गं, चुकीच्या पत्रात शोधलंस. करिंथकरांस पहिलं पत्र, ८ ते १० अध्याय. तिथे नेमका हाच प्रश्न आहे, मूर्तीला दाखवलेलं अन्न खायचं का. पौलाचं उत्तर एका ओळीत बसत नाही आणि जो बसवेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की लांब जात नाही, असं तो म्हणतो. प्रभूच्या मेजाचे आणि दुसऱ्या मेजाचे एकाच वेळी वाटेकरी होऊ नका, असंही म्हणतो, म्हणजे पूजेत सामील होणं वेगळं. बाजारात मिळतं ते खा, कोणी घरी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, पण कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि या सगळ्याच्या आधी, ८ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, ज्ञान फुगवतं, प्रीती उभारणी करते. तू मैत्रिणीच्या आईचं मन मोडलं नाहीस हे मला समजतं, तिच्या घरी प्रेमाने बोलावलं होतं. पण तू घरी येऊन सांगितलंस ते कशासाठी? मोकळेपणाने सांगितलंस की आजीला हरवायला? हे तूच ठरव, मी तिथे नव्हते. पुढच्या वर्षी खायचं की नाही याचा निर्णय मी देणार नाही, ते तीन अध्याय आणि रोमकरांस १४ वाचून, पाळकसाहेबांशी बोलून तू घे, आणि काहीही ठरलं तरी मैत्रिणीला आधीच नीट सांग म्हणजे तिच्या आईला अपमान वाटणार नाही.

आणि आता कळेल मी का म्हटलं की चुकीच्या माणसाला मारलंस. आजीने तुला काय म्हटलं होतं, प्रसाद खाल्लास तर तारण नाही असं? तू लिहिलंयस की ती म्हणाली, आपल्यात खात नाहीत. हे गलतियात आलेल्या शिक्षकांचं वाक्य नाही. हे एलाजाराच्या जवळचं वाक्य आहे. आपल्या आज्या ज्या काळात ख्रिस्ती म्हणून गावात राहिल्या, विहिरीवर टोमणे ऐकले, तेव्हा असे बारीकसारीक नियम हीच त्यांची उभं राहायची जागा होती. रोमकरांस १४ मधे पौल अशांबद्दल सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. पहिलं अर्धं वचन तुझं आहे, दुसरं आजीचं, पण सुरुवात तुझ्या अर्ध्याने कर.

विश्वास डळमळेल का? अभ्यासात तुला पुढे कळेल की पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत आणि त्यातली सात, म्हणजे रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, एवढ्यांबद्दल जवळजवळ सगळे अभ्यासक म्हणतात की ती त्याचीच, बाकीच्यांबद्दल मतं वेगळी आहेत. कळेल की बायबलमधला त्यांचा क्रम लिहिलेल्या क्रमाने नाही, साधारण लांबीने लावलाय, म्हणून रोमकरांस पहिलं. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो, मला आलेला. मी काय केलं ते सांगते, रोज अभ्यास सुरू करायच्या आधी त्या दिवसाचा भाग एकदा प्रार्थना म्हणून वाचायचे, मग पेन्सिल घ्यायचे. दोन्ही वेगवेगळ्या वेळी. आणि एकटीने करू नकोस, तुमच्या गुरुवारच्या मुलांपैकी एखादी हुशार, शंका काढणारी, अशी जोडीला घे. टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ समजावणारी पुस्तकं, पहिल्या महिन्यात उघडूच नकोस, आधी स्वतःचे प्रश्न वहीत येऊ देत, 'दारात आलेला माणूस कोण' असे. यूट्यूब तोवर बंद.

तिसरा अध्याय तुझ्याकडे आला तर २४ व्या वचनातल्या 'बालरक्षक' शब्दापाशी थांब. श्रीमंत घरात एक दास असायचा, मुलाचा हात धरून त्याला शाळेत नेणारा, रस्त्यात वांडपणा करू न देणारा, शिक्षक नव्हे. पौल नियमशास्त्राला तो म्हणतो. आपल्याकडे दप्तर एका खांद्यावर आणि नातवाचं बोट दुसऱ्या हातात धरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडणारी माणसं असतात ना, तुझी पण असतील.

गलतीकरांस झालं की रोमकरांस घ्या, पण एक सांगते, ते शेवटून सुरू कर, १६ व्या अध्यायापासून, आणि आजीबरोबर. तिला वाचायला डोळे देत नसतील तर तू वाच. इ. स. ५७ च्या सुमारास करिंथाकडून ते पत्र निघालं, लिहून घेणारा तर्तिय मधेच स्वतःचा सलाम घालतो, आणि पहिल्याच वचनात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी येते, बहुतेक तीच ते पत्र रोमला घेऊन गेली. मग नावंच नावं, प्रिस्का, अक्विला, मरिया, युनिया, किती बायका आहेत त्यात ते आजीला मोजायला सांग. आज्यांना नावं आवडतात, कोण कोणाची, कुठली, लगेच विचारतील. तेराव्या वचनात रूफ येतो, आणि पौल लिहितो की त्याच्या आईलाही सलाम सांगा, ती माझीही आई आहे. तिथे वाचणं थांबव आणि आजी काय म्हणते ते ऐक.